कमी लोखंडात मोठं छत : अभियंता व्लादिमीर शुखोव्ह



पेट्रोल पंपाजवळ, एखाद्या हॉटेलच्या अंगणात किंवा मोठ्या मैदानाच्या प्रेक्षक गॅलरीवर पांढरं, तंबूसारखं ताणलेलं छत तुम्ही नक्की पाहिलं असेल. आपल्याकडे त्याला टेन्साइल शेड म्हणतात. मधे खांब फारसे नसतात, कापड तर पातळ दिसतं, तरी वारा-पावसात ते टिकून राहतं. मुलं हमखास विचारतात, की हे पडत का नाही?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला एका रशियन अभियंत्याची गोष्ट सांगायला आवडते. त्यांचं नाव व्लादिमीर ग्रिगोऱ्येविच शुखोव्ह. अशी ताणलेली छतं पोलादाची पट्टी आणि पातळ पत्रा वापरून त्यांनी १८९६ सालीच उभी करून दाखवली होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव सहसा येत नाही, म्हणून आजचा हा लेख.

आधी थोडं ताण आणि दाब याबद्दल

चरित्राकडे वळण्याआधी एक साधी कल्पना समजून घेऊ. घराची भिंत, देवळाचा दगडी खांब, विहिरीची कमान हे सगळं दाबावर उभं असतं. वरचं वजन खालच्या दगडाला दाबतं. म्हणून दगड जाड लागतो, भिंत रुंद लागते.

आता बाजेकडे पाहा. बाजेवर माणूस झोपतो ते पातळ सुंभाच्या किंवा नवारीच्या विणीवर. तिथे जाडी नाही, आहे तो ताण. सुंभ दोन्ही बाजूंनी ओढलेलं आहे म्हणून ते वजन पेलतं. बाळाची झोळी, कपडे वाळत घालायची दोरी, लग्नाच्या मांडवाची ताडपत्री ही सगळी ताणाचीच उदाहरणं. बारीक काठी दोन्ही टोकांनी दाबली तर ती वाकते आणि मोडते, पण तीच काठी ओढून तोडायची म्हटलं तर भल्याभल्यांना जमत नाही. पोलादाचंही तसंच आहे. पोलादी पट्टी ओढली तर ती प्रचंड वजन पेलते. म्हणजे छत दाबावर उभं न करता ताणावर टांगलं, तर फार कमी सामानात काम होतं. शुखोव्ह यांनी आयुष्यभर कमी सामानात काम भागवण्याचाच विचार केला.

बालपण आणि शिक्षण

शुखोव्ह यांचा जन्म २८ ऑगस्ट १८५३ रोजी ग्राइव्होरोन या लहानशा गावात झाला. हे गाव आजच्या रशियातल्या बेल्गोरोद प्रांतात येतं. वडील बँकेत अधिकारी होते. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या शाळेत शिकताना या मुलाला गणिताची गोडी लागली.

शाळेच्या दिवसांतली त्यांची एक गोष्ट रशियात नेहमी सांगितली जाते. वर्गात पायथागोरसचा सिद्धांत चालला होता. शुखोव्ह यांनी पुस्तकातली सिद्धता न देता स्वतः शोधलेली, जास्त आटोपशीर सिद्धता फळ्यावर मांडली. शिक्षकांना ती बरोबर असल्याचं कळलं, तरी पुस्तकाप्रमाणे नाही म्हणून त्यांनी गुण मात्र कमी दिले. गोष्ट अगदी अशीच घडली असेल किंवा सांगता सांगता थोडी रंगली असेल. पण आपण शिक्षकांनी ती लक्षात ठेवावी अशी आहे, म्हणून लेखाच्या शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

१८७६ साली शुखोव्ह मॉस्कोच्या तंत्रशाळेतून सन्मानानं उत्तीर्ण झाले. विद्यार्थी असतानाच त्यांनी एक शोध लावला होता. त्या काळी खनिज तेलातून रॉकेल काढल्यावर उरणारा काळा, घट्ट गाळ निरुपयोगी समजला जाई. शुखोव्ह यांनी वाफेच्या जोरावर त्या तेलाचा बारीक फवारा करणारं साधन बनवलं. फवारा झाला की ते नीट जळायचं आणि बॉयलर चालवायचं. फेकून द्यायच्या वस्तूचं इंधन झालं.

शिक्षण संपल्यावर प्रसिद्ध गणितज्ञ चेबिशेव्ह यांनी त्यांना आपल्यासोबत संशोधन करायला बोलावलं. एवढा मोठा माणूस बोलावतोय म्हटल्यावर कोणीही लगेच गेलं असतं. शुखोव्ह यांनी मात्र नम्रपणे नकार दिला. त्यांना गणित आवडत होतं, पण ते कागदावर न राहता प्रत्यक्ष वस्तूत उतरावं अशी त्यांची इच्छा होती. त्याच वर्षी तंत्रशाळेच्या पथकाबरोबर ते अमेरिकेला गेले आणि फिलाडेल्फियाचं जागतिक प्रदर्शन त्यांनी पाहिलं. तिथे त्यांची ओळख अलेक्झांडर बारी या उद्योजकाशी झाली. पुढे बारी यांच्या कंपनीत ते मुख्य अभियंता झाले आणि त्यांचं बहुतेक काम याच कंपनीतून झालं.

बाकूचे तेल आणि टाक्या

अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेच्या कार्यालयात नकाशे काढले. त्याच दिवसांत वैद्यकीय शिक्षणाचे वर्गही सुरू केले. मात्र तब्येत बिघडली आणि गरम हवेच्या ठिकाणी जाणं भाग पडलं. १८७८ साली ते कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात पोहोचले. तिथे जमिनीतून तेल निघत होतं, पण ते पिंपांत आणि कातडी पखालींत भरून गाड्यांवरून वाहून नेलं जाई. शुखोव्ह यांच्या देखरेखीखाली तिथे रशियातली पहिली तेलवाहिनी तयार झाली. तिची लांबी साधारण दहा किलोमीटर होती.

मग त्यांनी तेलाच्या टाक्यांचा विचार केला. टाकीत पाणी किंवा तेल भरलं की सगळ्यात जास्त दाब तळाशी असतो आणि वर जाऊ तसा तो कमी होतो. मग सगळी भिंत सारख्या जाडीची कशाला? शुखोव्ह यांनी गोल टाकीची भिंत खाली जाड आणि वर पातळ केली. तळाचा पत्रा तर पातळच ठेवला, कारण तो वाळूवर सपाट बसलेला असतो आणि वजन जमीनच पेलते. किती उंचीच्या टाकीला सगळ्यात कमी लोखंड लागेल, याचं गणितही त्यांनी मांडलं. तळाशी, मधे आणि वर भोकं पाडलेल्या पाण्याच्या बाटलीचा प्रयोग आपण वर्गात करतोच. शुखोव्ह यांच्या टाकीत तोच नियम वापरलेला आहे.

१८९६ : निझ्नी नोव्हगोरोदचे मंडप

आता मुख्य विषयाकडे येऊ. १८९६ साली निझ्नी नोव्हगोरोद या शहरात संपूर्ण रशियाचं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी शुखोव्ह यांनी आठ मंडप बांधले. एकूण जागा सुमारे २७,००० चौरस मीटर होती. यातल्या चार मंडपांवर त्यांनी कमानीसारखी वाकवलेली लोखंडी जाळी घातली आणि चार मंडपांवर चक्क टांगलेली छतं केली.

सगळ्यात लक्षवेधी होता तो गोल मंडप. त्याचा व्यास ६८ मीटर होता. कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब असतं, म्हणजे पाच मैदानं एकापुढे एक ठेवली तर साधारण तेवढं अंतर होईल. मंडपाच्या मध्यभागी उंच खांबांवर २५ मीटर व्यासाचं पोलादी कडं बसवलं होतं. या उंच कड्यापासून बाहेरच्या भिंतीवरच्या मोठ्या कड्यापर्यंत पोलादी पट्ट्यांची जाळी टांगली होती. पट्ट्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि जिथे छेदतील तिथे रिव्हेटनं जोडलेल्या. लांबून पाहिलं तर मोठा तंबूच वाटावा.

मग मधल्या कड्याच्या आत काय? तिथे त्यांनी पातळ पोलादी पत्र्यांचा उथळ वाडगा टांगला. त्या पत्र्याला आतून तुळया नव्हत्या, वासे नव्हते. पत्रा स्वतःच ताणला जाऊन स्वतःचं वजन पेलत होता. आज ज्याला आपण ताणलेल्या पडद्याचं छत म्हणतो, त्याचं पोलादातलं हे जगातलं पहिलं मोठं उदाहरण मानलं जातं.

इथे मुलांना एक गंमत दाखवून द्या. बाहेरची जाळी मधल्या कड्याला बाहेर ओढते, आणि आतला टांगलेला पत्रा त्याच कड्याला आत ओढतो. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारख्या ताकदीचे असले की दोरी जागच्या जागी राहते. इथेही तसंच होतं. भार वाढवून मजबुती आणण्याऐवजी दोन ओढींचा मेळ घालून मजबुती आणली.

याच प्रदर्शनात त्यांनी एक पाण्याचा मनोराही उभारला. सरळ लोखंडी पट्ट्या तिरप्या लावून मधे बारीक कंबर असलेला आकार त्यांनी तयार केला. वेताचं किंवा बोरूचं गोल बसायचं आसन तुम्ही पाहिलं असेल, खाली-वर रुंद आणि मधे आवळलेलं. तसाच हा आकार. सगळ्या काड्या सरळ, पण एकत्र आल्या की गोलाई दिसते. प्रदर्शन संपल्यावर एका श्रीमंत जमीनदारानं हा मनोरा विकत घेऊन पोलिबिनो या गावी नेला. तो आजही तिथे उभा आहे. मंडप मात्र राहिले नाहीत.

मॉस्कोतले काम

पुढच्या काळात शुखोव्ह यांनी शेकडो कामं केली. मॉस्कोच्या लाल चौकासमोरचा मोठा बाजार आज गुम नावानं ओळखला जातो. त्याचं काचेचं छत त्यांनीच बांधलेलं आहे. त्या कमानींना सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक पोलादी सळया आतून ओढून धरतात. त्यामुळे कमान पातळ राहते आणि उजेड अडत नाही. मॉस्कोच्या कीव्ह रेल्वे स्थानकाचं छतही त्यांचंच. शिवाय पूल, बॉयलर, पाणीपुरवठा, खनिज तेलापासून पेट्रोल काढायची नवी पद्धत असं किती म्हणून सांगावं! फोटोग्राफीचाही त्यांना फार नाद होता.

कसोटीचा काळ

१९१७ साली रशियात क्रांती झाली. कंपनी सरकारजमा झाली. अनेक शिकलेली माणसं देश सोडून गेली. शुखोव्ह यांचं नाव बाहेर माहीत होतं, त्यांनाही जाता आलं असतं. पण ते मॉस्कोतच राहिले. तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढे होतं.

१९१९ साली नव्या सरकारनं मॉस्कोत रेडिओसाठी मोठा मनोरा बांधायचं ठरवलं. शुखोव्ह यांनी ३५० मीटर उंचीचा आराखडा दिला. त्याला सुमारे २२०० टन पोलाद लागणार होतं. पॅरिसचा आयफेल टॉवर त्याहून बुटका, पण त्याला ७३०० टनांच्या आसपास लोखंड लागलं होतं. तरीसुद्धा यादवी युद्धाच्या त्या दिवसांत एवढंही पोलाद मिळेना. शेवटी उंची १५० मीटरवर आणली आणि २४० टनांत काम भागवलं.

बांधण्याची पद्धतही काटकसरीची होती. मनोऱ्याचे सहा मजले, प्रत्येक साधारण २५ मीटरचा. बाहेरून उंच परांची बांधायला लाकूड आणणार कुठून? म्हणून वरचा मजला जमिनीवरच, खालच्या मजल्याच्या आत जोडायचा आणि हातानं फिरवायच्या विंचेनं आतून वर खेचायचा. दुर्बिणीच्या नळ्या एकीतून एक बाहेर निघतात तसं.

जून १९२१ मध्ये चौथा मजला वर खेचताना अपघात झाला. तो मजला कोसळला आणि खालच्या मजल्यांचंही नुकसान झालं. चौकशीत आराखड्यात चूक सापडली नाही, दोष थकलेल्या धातूचा निघाला. तरी शुखोव्ह यांना गोळ्या घालून मारण्याची शिक्षा सुनावली गेली. शिक्षा लगेच अमलात आणली नाही, ती टांगती ठेवली. मनोरा पूर्ण करायचा होता आणि तो पूर्ण करू शकणारा माणूस हाच होता.

क्षणभर विचार करा. वय ६८. डोक्यावर मरणाची शिक्षा. हाताशी जुनं, अपुरं लोखंड. अशा अवस्थेत हा माणूस रोज कामावर गेला, मोडलेले भाग दुरुस्त केले आणि उरलेले मजले चढवले. मार्च १९२२ मध्ये मनोऱ्यावरून प्रसारण सुरू झालं. शाबोलोव्का रस्त्यावरचा हा मनोरा आज शंभर वर्षांनंतरही उभा आहे. २०१४ साली तो उतरवून ठेवायचा विचार झाला होता, तेव्हा जगभरच्या वास्तुविशारदांनी त्याला विरोध केला आणि मनोरा जागेवरच राहिला.

पुढे सरकारनंच शुखोव्ह यांचा गौरव केला. १९२९ साली त्यांना लेनिन पुरस्कार मिळाला. म्हातारपणीही काम चालूच होतं. समरकंदमधल्या उलुगबेगच्या मदरशाचा एक मिनार भूकंपामुळे कलला होता. शुखोव्ह यांच्या पद्धतीनं तो १९३२ साली सरळ करण्यात आला.

२ फेब्रुवारी १९३९ रोजी भाजल्याच्या जखमांमुळे त्यांचं निधन झालं. मेणबत्तीमुळे त्यांच्या कपड्यांनी पेट घेतला होता. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मनोऱ्यावरून मॉस्कोत दूरचित्रवाणीचं प्रसारण सुरू झालं. ते पाहायला ते नव्हते.

पोलादाकडून कापडाकडे

ताणलेल्या छतांची कल्पना पुढे वाढवली ती जर्मनीच्या फ्राय ओटो यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते. छावणीत सामान नव्हतं, म्हणून कमीत कमी वस्तूंत निवारा कसा करायचा याचा ध्यास त्यांना लागला. साबणाच्या पाण्यात तारेची चौकट बुडवून ते पाहत, की फुग्याचा पडदा आपोआप कुठला आकार घेतो. १९५५ पासून त्यांनी कापडी छतं बांधली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी बांधलेलं, तारांच्या जाळीवरचं पारदर्शक छत जगभर गाजलं. पुढे ओटो यांच्या संस्थेशी संबंधित अभ्यासकांनीच शुखोव्ह यांचं जुनं काम पुन्हा अभ्यासून जगापुढे आणलं.

दरम्यान कापडही सुधारलं. पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा लेप किंवा काचतंतूच्या कापडावर टेफ्लॉनचा लेप देऊन टिकाऊ पडदे बनू लागले. सौदी अरेबियात जेद्दा विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी १९८१ साली खुलं झालेलं टर्मिनल अशाच पांढऱ्या तंबूंचं आहे. आपल्या गावातली टेन्साइल शेड याच घराण्यातली.

वर्गात करून बघा

१. दोरी आणि बाटली. दोन मुलांनी दोरीची टोकं धरायची. मधे पाण्यानं भरलेली बाटली लटकवा. आता दोरी अगदी सरळ करायला सांगा. कितीही ओढली तरी ती पूर्ण सरळ होत नाही. थोडा झोल राहू दिला की ओढ एकदम कमी होते. टांगलेल्या छताला झोल का असतो, ते मुलांना हाताला कळतं.

२. रुमालाचं छत. चार मुलांनी मोठ्या रुमालाचे चार कोपरे धरून सपाट ताणायचं. खालून पुठ्ठ्यानं वारा घाला, रुमाल फडफडेल. आता समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली घ्या. रुमाल घोड्याच्या खोगिरासारखा होतो आणि फडफड कमी होते. कारण एका दिशेचे धागे वर ओढतात, दुसऱ्या दिशेचे खाली. टेन्साइल शेड वाकडीतिकडी का दिसते, याचं उत्तर यात आहे.

३. सरळ दोऱ्यांची कंबर. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या गोल चकत्या घ्या. कडेनं भोकं पाडून त्यांत उभ्या दोऱ्या ओवा. दोऱ्या ताणून धरा आणि वरची चकती हळूहळू फिरवा. मधे कंबर तयार होईल, पण प्रत्येक दोरी सरळच असेल. शुखोव्ह यांचा मनोरा असाच.

शेवटी आपल्यासाठी

आता त्या पायथागोरसच्या गोष्टीकडे येते. आपल्या वर्गातही एखादं मूल वजाबाकी वेगळ्याच रीतीनं करतं. ८३ मधून ४७ वजा करताना हातचा न घेता ४७ पासून पुढे मोजत ८३ पर्यंत जातं. उत्तर ३६ बरोबर येतं, पण रीत पुस्तकातली नसते. तपासायच्या वह्यांचा ढीग मोठा असतो, वेळ कमी असतो, आणि लाल पेन हातात असतं. अशा वेळी दोन मिनिटं थांबून त्या मुलाला रीत समजावून सांगायला लावा. रीत प्रत्येक वेळी चालत असेल तर ती फळ्यावर सगळ्यांना दाखवा, चालत नसेल तर कुठे अडते ते त्यालाच शोधू द्या.

पालकांनाही तेच सांगणं आहे. घरी मूल जुने खोके, दोऱ्या, काड्या घेऊन काहीतरी बांधत बसलं असेल तर तो पसारा लगेच आवरायला लावू नका. कमी सामानात काहीतरी उभं राहतंय का, एवढं बघा. पडलं तर का पडलं ते विचारा, आणि पुन्हा बांधू द्या.

वरचे प्रयोग वर्गात करून बघा, आणि मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.